नऊ तास सहा मिनिटं

सरांच्या गच्चीवर उन्हाळ्यात दोन बाजा टाकलेल्या असत. एकीवर वहिनींच्या कुरडया आणि दुसरीवर सरांच्या चिपा. चिप म्हणजे बोटाच्या पेराएवढा काळा तुकडा, त्याला दोन्हीकडं पाय आणि वर मधोमध काचेची बारीक खिडकी. त्यात एकदा कार्यक्रम भरला की तो कायमचा बसायचा. पुसायचा झाला तर खिडकीतून विशिष्ट दिव्याचा प्रकाश द्यावा लागे. कॉलेजचा तसला दिवा पहिल्याच वर्षी गेला आणि नवा काही आला नाही. सरांनी मग वाट बघणं सोडलं. आमच्या धाराशिवच्या उन्हात आठवडाभर ठेवली की चिप कोरी होते, असा शोध त्यांनी स्वतःच लावला. दुष्काळानं बाकी सगळं नेलं, ऊन तेवढं भरपूर ठेवलं, असं ते म्हणायचे. वहिनींची तक्रार एवढीच होती, की कावळे हाकलायला सर फक्त स्वतःच्या बाजेसाठी उठतात.

मी त्यांच्या हाताखाली इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागले, तो ऐंशीच्या दशकाच्या मधला काळ. आमच्या घरात पगाराची नोकरी मिळवणारी मी पहिली मुलगी. वडिलांनी निघताना एकच सांगितलं होतं, की वेळेवर जायचं आणि कुणाच्या भानगडीत पडायचं नाही. पहिल्या दिवशी सरांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. हातात थर्मामीटर दिला आणि म्हणाले, ‘‘बाई, हा खरं बोलतो का बघा.’’ मी बावरले. त्यांनी चहावाल्याकडून उकळतं पाणी मागवलं, समोरच्या गोळेवाल्याकडून बर्फाचा खडा आणला आणि अर्धा तास आम्ही दोघं त्या थर्मामीटरची परीक्षा घेत बसलो. तो दीड अंशानं खोटा निघाला. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना चहा पाजला.

सर धनगराच्या घरचे. वडील मेंढरं घेऊन आठ आठ महिने बाहेर असायचे, आणि लहानपणी कळप मोजायचं काम सरांकडं होतं. ती मोजायची सवय काही गेली नाही. वर्गात शिरले की हजेरी घ्यायच्या आधी डोकी मोजत. एकदा आम्ही पुण्याहून परत येत होतो. टेंभुर्णीच्या स्टँडवर गाडी चहाला थांबली आणि पुन्हा निघाली. सर एकदम उभे राहिले, दोरी ओढून घंटी वाजवली आणि कंडक्टरला म्हणाले, की सदतीस होते, छत्तीस झालेत. कंडक्टर वैतागला, पण ड्रायव्हरनं गाडी मागं घेतली. एक म्हातारबा मुतारीपाशी धोतर सावरत उभे होते आणि त्यांची पिशवी गाडीतच होती. सर परत बसले आणि झोपले. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता.

विद्यार्थ्यांनी ‘चालतंय’ म्हटलेलं त्यांना खपत नसे. बल्ब लागला, मोटार फिरली, की पोरं म्हणायची, सर, चालतंय. सर म्हणायचे, ‘‘असं नका म्हणू. म्हणा, आत्तापर्यंत बघितलं तिथवर चालतंय.’’ पोरं मागं नक्कल करायची. मीही हसायची.

पुण्याला आम्ही का जायचो, ते सांगायला हवं. सरांनी स्वतःच्या हातानं एक छोटा संगणक बनवला होता. एकच बोर्ड, त्यावर एक मेंदूची चिप, थोडी स्मृती आणि बाहेर जाणाऱ्या तारा. पंप, झडपा, दिवे चालवण्याजोगा. त्याला हुकूम द्यायचे तर ते त्याच्या भाषेत द्यावे लागत आणि ती भाषा म्हणजे नुसते आकडे. सरांना ‘सी’ भाषेत लिहायचं होतं. पण ही भाषा आपल्याबरोबर काही मूळची कामं घेऊन येते. भागाकार कसा करायचा, मोठा आकडा कसा मांडायचा, वेळ कशी मोजायची, अक्षर कसं छापायचं. त्या कामांच्या गठ्ठ्याला लायब्ररी म्हणतात आणि प्रत्येक नव्या यंत्रासाठी ती नव्यानं घडवावी लागते. सरांच्या बोर्डासारखा बोर्ड जगात एकच होता, तेव्हा त्याची लायब्ररी आयती कुठून मिळणार? पुण्याच्या एका संस्थेत सरांचा मित्र होता. तिथल्या मोठ्या संगणकावर रविवारी बसायची त्यानं परवानगी मिळवून दिली होती. त्या मोठ्या यंत्रावर आमच्या छोट्या यंत्रासाठीची लायब्ररी घडवायची, चिपेत भरायची आणि एसटीनं घेऊन यायची. एका घरी भाकरी थापायची आणि दुसऱ्या घरी नेऊन वाढायची, तसा प्रकार. सर त्या चिपा किमामच्या रिकाम्या डबीत ठेवून शर्टाच्या आतल्या खिशात घालायचे.

एकदा त्यांनी रजेच्या अर्जात ‘लायब्ररीच्या कामासाठी पुण्यास जाणे’ असं लिहिलं. प्राचार्यांनी अर्ज परत पाठवला. आपल्या कॉलेजला स्वतःचं सुसज्ज ग्रंथालय आहे, असा त्यावर शेरा होता. सरांनी तो अर्ज चौकटीत घालून टेबलावर ठेवला. त्यांना खरोखरच तो आवडला होता, चेष्टा म्हणून नव्हे.

या सगळ्या खटाटोपाला गिऱ्हाईक मिळालं ते माझ्याच गावातून. आमचं गाव परंड्याच्या रस्त्याला. तिथं सहकारी पाणीपुरवठा संस्था झाली होती. तलावाकाठच्या विहिरीवर मोटार आणि तिथून तीन लाइनी. पहिली जवळच्या शेतांना, दुसरी मधल्या मळ्यांना आणि तिसरी टोकाला, आमच्या बौद्धवाड्याच्या जमिनींकडं. त्या वर्षी तलावात पाणी थोडंच उरलं होतं आणि रोज पाळीवरून भांडण. झडप फिरवणारा माणूस कुणाचा तरी असायचाच. तेव्हा चेअरमन, ज्यांना गाव अण्णा म्हणायचं, सरांकडं आले. माणसावर कुणाचा भरवसा उरला नाही, यंत्रानं पाळी द्यावी, असं त्यांचं म्हणणं. सर लगेच तयार झाले. झडपा फिरवायला त्यांनी भंगारातून ट्रकच्या वायपरच्या मोटारी आणल्या. सकाळी सहाला वीज आली की पहिली लाइन चार तास, मग दुसरी चार तास आणि दोन ते पाच तिसरी. पाचला वीज जायची.

आम्ही प्रयोगशाळेत त्याची चाचणी कितीतरी वेळा घेतली. पूर्ण दिवस थांबायला नको म्हणून मिनिटाचा सेकंद करून घेतला. अकरा तासांचा दिवस अकरा मिनिटांत संपायचा. झडपा बरोबर फिरायच्या. गावात नारळ फुटला तेव्हा मी पुढं उभी होते. आमच्या वाड्यातले सगळे मला बघत होते. अण्णांनी विचारलं, यंत्र पक्कं ना? सर त्या दिवशी खुशीत होते. ते म्हणाले, चालतंय.

पंधरा दिवसांनी मी शनिवारी गावी गेले तर घरात कुणी नीट बोलेना. शेवटी वडिलांनी सांगितलं. टोकाला पाणी तासभर येतं आणि तुटतं. आणि तुटतं तेव्हा पहिल्या लाइनीला सुरू होतं. पहिल्या लाइनीवर अण्णांचा मका होता. गावात बोललं जात होतं, की माणूस बदलला, यंत्र बसवलं, पण यंत्रात बसलेला माणूस अण्णांचाच. माझ्या चुलतभावानं तोंडावर विचारलं, ‘‘तुझ्याच सरानं केलंय व्हय हे?’’ आमच्या तुकड्यात जनावरांपुरतं कडवळ होतं. ते करपलं तर दोन म्हशी आणि बैल छावणीवर न्यावे लागणार होते.

वडील म्हणाले, भानगडीत पडू नको. पण आत्या मला शेतात घेऊन गेली. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवऱ्यामागं माहेरी परतलेली. अक्षरओळख नाही, घड्याळ कळत नाही, पण शेत तीच बघायची. बांधावर बसून ती सांगू लागली. परंड्याची दुपारची गाडी गेली की थोड्या वेळानं पाणी तुटतं, रोज. फक्त मंगळवारी तसं झालं नाही. मंगळवारी गाडी जाऊन बराच वेळ झाला तरी पाणी चालूच होतं.

मी विचारलं, मंगळवारी वेगळं काय होतं?

‘‘मंगळवारी लाइट उशिरा आली. मोटर उशिरा लागली, मला हितनं ऐकू येती,’’ आत्या म्हणाली. ‘‘पाणी काय गाडी बघून जात न्हाय, सूर्य बघून बी जात न्हाय. मोटर लागल्यापासनं मोजून जातंय. चोर असता तर येळ बदलली असती की त्यानं. ह्ये चोराचं काम न्हाय बग.’’

रविवारी मी मनगटावरचं घड्याळ घेऊन बांधावर बसले. सहाला मोटार लागली. दुपारी तीन वाजून सहा मिनिटं झाली आणि पाइपाच्या तोंडातला जोर तुटला.

सोमवारी सरांना सगळं सांगितलं. आत्या काय म्हणाली ते त्यांनी दोनदा वदवून घेतलं, तिच्याच शब्दांत. मग फळ्यापाशी गेले. नऊ तासांचे सेकंद, बत्तीस हजार चारशे. सहा मिनिटांचे तीनशे साठ. बेरीज बत्तीस हजार सातशे साठ. त्याखाली त्यांनी दुसरा एक आकडा लिहिला, बत्तीस हजार सातशे सदुसष्ट, आणि खडू ठेवून स्टुलावर बसले.

मग त्यांनी मला समजावलं. पुण्याच्या मोठ्या यंत्रात साधा आकडा ठेवायची जागा ऐसपैस. आमच्या बोर्डावर तीच जागा निम्मी. तिथं बत्तीस हजार सातशे सदुसष्टच्या पुढं आकडा मावतच नाही, उलटतो आणि वजा होतो. यंत्र सकाळी वीज आल्यापासूनचे सेकंद मोजत होतं. नऊ तास सहा मिनिटं आणि सात सेकंदांनी त्याला वाटायचं, दिवस अजून उगवायचाच आहे. मग ते पहिली लाइन उघडायचं. लायब्ररी सरांनी पुण्याच्या यंत्रावर तपासली होती, तिथं सगळं बरोबर यायचं. आणि आम्ही इथं मिनिटाचा सेकंद केला होता, म्हणून आमचा दिवस त्या आकड्यापर्यंत कधी पोचलाच नव्हता. मोठ्या आकड्यांची कामं लायब्ररीत घालायला हवी होती. चिपेत जागा कमी पडते म्हणून सरांनीच ती गाळली होती.

‘‘म्या गाळली,’’ ते म्हणाले. घरची बोली त्यांच्या तोंडून कॉलेजात मी पहिल्यांदाच ऐकली.

त्याच संध्याकाळी आम्ही गावी गेलो. संस्थेच्या कचेरीपुढच्या लिंबाखाली अण्णांनी सरांना बाजूला घेतलं. अण्णा वाईट माणूस नव्हते. जास्तीचं पाणी आलं ते त्यांनी शेतात जिरू दिलं, चौकशी केली नाही, एवढंच. त्यांनी सुचवलं, की विजेच्या दाबानं यंत्र बिघडलं असं सांगू. आकडा उलटला वगैरे कुणाला कळणार नाही, उगाच तुमची अब्रू जाईल. सरांनी ऐकून घेतलं आणि माणसं जमलेल्या ठिकाणी जाऊन उभे राहिले.

‘‘वीज बरोबर होती,’’ सर म्हणाले. ‘‘झडपा बरोबर होत्या. अण्णांनी काही केलं नाही. चूक माझी आहे. मी पूर्ण दिवस न बघता चालतंय म्हणालो. टोकाच्या शेतांचं रोज जवळजवळ दोन तासांचं पाणी माझ्या चुकीनं दुसरीकडं गेलं.’’

मग माझा चुलतभाऊ उठला आणि त्यानं विचारलं, की गेलेलं पाणी परत कसं येणार? सर म्हणाले, जेवढे दिवस चुकलं तेवढे दिवस पहिल्या लाइनीतले दोन तास टोकाला द्यावेत. पहिल्या लाइनीवाले कुरकुरू लागले. सगळ्यांची नजर अण्णांकडं गेली. अण्णांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली आणि म्हणाले, की माझ्या मक्यानं प्यालेलं मला दिसत होतं. द्या.

आता नवी लायब्ररी घडवायला पुण्याला जायला हवं होतं. मी धरून चालले होते की सर जाणार. पण त्यांनी आठ दिवसांची रजा टाकली आणि पंपघरात मुक्काम केला. नवी चिप येईपर्यंत झडपा मी हातानं फिरवणार, म्हणाले. आणि पुण्याला मला पाठवलं. मी एकटी कधी बार्शीच्या पुढं गेले नव्हते. लिहिलेले कागद, कोरी चिप आणि डबी माझ्या हातात देताना त्यांनी उपदेश केला नाही. एवढंच म्हणाले, की भागाकार दोन ठिकाणी तपासा, वजा आकड्यांना आणि शून्याला.

सरांच्या मित्रानं या वेळी रविवार सोडूनही बसायची सोय केली आणि संस्थेतल्या त्या गार खोलीत मी दोन दिवस बसले. मोठ्या आकड्यांची बेरीज, वजाबाकी, तुलना, भागाकार, एकेक काम आमच्या बोर्डासाठी घडवलं. जागा पुरेना. शेवटी सरांनी हौसेनं ठेवलेला अक्षरं छापायचा सगळा भाग मी काढून टाकला. झडपांना अक्षरं कशाला हवीत? परत येऊन घाबरत सांगितलं तर ते एवढे हसले की पंपघरातली चिमणी उडाली. वहिनींनी भाकरी पाठवली होती ती त्यांनी मला अर्धी दिली. हातानं झडपा फिरवून त्यांच्या तळव्यांना फोड आले होते. तोंड मात्र सुट्टीवर आलेल्या माणसासारखं दिसत होतं.

या वेळी मिनिटाचा सेकंद केला नाही. सकाळी सहा ते संध्याकाळी पाच, तीन दिवस, सर पंपघरात आणि मी बांधावर. पाचला वीज गेली तेव्हाच पाणी थांबलं, तिन्ही दिवस. आमचं कडवळ वाचलं. छावणीवर जावं लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी आत्यानं सरांना घरी जेवायला बोलावलं. ते आले, हातपाय धुतले, जमिनीवर बसले, दोनदा ठेचा मागून घेतला आणि जेवताना आमच्या चुलीचा धूर कुठून जातो त्यावर वडिलांशी वाद घातला. वडील नंतर मला म्हणाले, माणूस जरा येडाच आहे. त्यांच्या तोंडून ती मोठीच शाबासकी होती.

पुढच्या वर्षी शेजारच्या तालुक्यातल्या एका संस्थेनं तसंच यंत्र मागवलं. बसवायच्या दिवशी सर कुणाची तरी जीप मागून आमच्या दारात हजर झाले. मला न्यायला आलेत असं मला वाटलं. ते म्हणाले, तुम्ही या, पण आधी आत्यांना विचारा, त्यांना चार दिवस वेळ आहे का. आत्यानं लुगडं बदललं आणि जीपमध्ये पुढं बसली. चार दिवस ती त्या पंपघराच्या दारात पोत्यावर बसून झडपांचे आवाज ऐकत होती. दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं, की मधली झडप बंद होताना कण्हती. उघडून बघितलं तर तिच्या दातेरी चाकाचा एक दाता तुटला होता.

काम संपलं तेव्हा सरांनी चाचणीचा अहवाल लिहिला. सगळ्यात खाली ‘तपासणार’ असं लिहून जागा सोडली आणि कागद आत्यापुढं ठेवला. तिथल्या सचिवांनी घसा खाकरला. या बाईंची सही कशी चालेल, असं त्यांना विचारायचं असावं, पण सर त्यांच्याकडं बघतच नव्हते. मी शाईचा पॅड पुढं केला. आत्यानं हात मागं घेतला.

‘‘आजवर लई अंगठे दिले म्या,’’ ती सरांना म्हणाली. ‘‘पर कागुद कुणी वाचून न्हाय दावला. तुमी आदी वाचा.’’

सरांनी चष्मा पुसला, खाली तिच्यासमोर मांडी घातली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. चार पानं होती. जिथं अवघड शब्द आला तिथं थांबून ते तिला समजावत होते आणि कळलं नाही की आत्या परत वाचायला लावत होती. बाहेर जीपवाला दोनदा हॉर्न वाजवून कंटाळला. शेवटची ओळ झाली. आत्यानं थोडा विचार केला, तुटलेल्या दात्याचं लिहिलंय का ते पुन्हा विचारून घेतलं आणि मग अंगठा पुढं केला.

‘‘द्या आता शाई,’’ ती म्हणाली.